बोटीतला खोळंबा

पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्याला आपल्या पायांचा थोडा अभिमान असतो. तो कुठे गळून पडेल हे मात्र सांगता येत नाही. आमचा गळला तो केरळात, पाण्यावर.

दक्षिणयात्रेत आम्ही चौघे एक दिवस अलप्पुळ्याला उतरलो होतो. सकाळी सरकारी बोटीने वेंबनाड सरोवर ओलांडून कोट्टायमला जायचे, दुपारी परतायचे आणि सायंकाळी अंबलप्पुळ्याच्या श्रीकृष्णाचे दर्शन घ्यायचे, असा बेत. तो कृष्ण म्हणजे आपला विटेवरचा सावळाच. भेटीची ओढ मोठी.

वाटेतले कुट्टनाड हा नवलाचा मुलूख. भातशेती समुद्रपातळीहून खाली, आणि कालव्याचे पाणी शेताच्या वर! शेतातले पाणी पंपाने उपसून बाहेर टाकतात, तेव्हा कुठे पेरणी होते. घरे बांधावर, दारातच पाणी. म्हणून १९६८ साली स्थापन झालेल्या राज्य जलवाहतूक खात्याची बोट हीच तिथली एस. टी. शाळेची पोरे, भाजीच्या टोपल्या, दवाखान्याचा रोगी, सारे तिच्यातूनच. धक्का आला की घंटा वाजायची आणि बोट टेकायची.

परतताना एका धक्क्यावर बोट थांबली ती हलेचना. लांबून दोघेजण एका म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून आणत होते. बांध अरुंद, पावले जपून पडत होती. आम्ही घड्याळ पाहू लागलो. "देवाचं दार मिटेल की हो!" आमच्यातला एकजण बोलला, आणि खोटं कशाला सांगा, आमच्याही मनात तेच होतं. बाकी उतारूंनी हूं की चूं केले नाही. खलाशाने म्हाताऱ्याला आत घेतले, एका शाळकरी मुलीने उठून जागा दिली, बोट निघाली.

अंबलप्पुळ्याला पोचलो तो दार मिटलेले.

रात्री आमच्यात वाद झाला. एकजण म्हणाला, "नेम तो नेम. प्रत्येकासाठी थांबत बसलं तर वारी पोचायची कधी?" बोलणे अगदीच खोटे नाही. पण आळसाने झालेला उशीर निराळा, आणि दुसऱ्याला चढवून घेताना झालेला उशीर निराळा. दिंडीसुद्धा विसाव्याला थांबते, मागचा येऊन मिळतो, मग पुढे निघते. पुंडलिकाने तर आईबापांच्या सेवेसाठी प्रत्यक्ष देवाला विटेवर उभे केले, आणि देव रुसला नाही. मग त्याच देवाच्या भेटीसाठी आम्ही एका म्हाताऱ्यावर रुसावे, हे कोणते शास्त्र?

दर्शन चुकल्याचे दुःख नाही असे म्हणणे ढोंग होईल. पण त्याहून बोचते ते वेगळेच. जागा दिली ती त्या पोरीने. आम्ही चौघे माळकरी बसूनच राहिलो.

भाविकहो, आषाढीला एस. टी.त चढताना मागून कुणी काठी टेकीत येत असेल, तर एवढे आठवावे. कंडक्टरला म्हणावं, "बाबा, थांब जरा." वाट पाहण्याची सवय देवाला आपल्याहून जास्त आहे.