तास कुणाचा गेला?

एप्रिल आला की फ्लोरिडाच्या बंदरांतली मोठमोठी प्रवासी जहाजं उन्हाळ्यासाठी भूमध्य समुद्राकडे निघतात. जहाज रिकामं नेण्यापेक्षा भाडं उतरवून माणसं न्यावीत, हा कंपन्यांचा हिशेब. त्यामुळे या फेरीला निवृत्तांची गर्दी असते. फोर्ट लॉडरडेल सोडलं की अझोर्स बेटांपर्यंत जवळजवळ आठवडाभर जमीन दिसत नाही. बघायला पाण्याखेरीज काही नाही म्हटल्यावर माणसं एकमेकांकडे बघू लागतात. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये नजर चुकवणारे तिसऱ्या दिवशी एकमेकांच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया तपशीलवार सांगत असतात. सकाळी सातलाच डेकवरच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा धरलेल्या असतात, आणि कुणाचं कार्ड कोणत्या रंगाचं, म्हणजे कोण किती वेळा या कंपनीच्या जहाजावर आलंय, हे सगळ्यांना पाठ झालेलं असतं.

सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका लेकीकडचा मुक्काम आटोपून अशाच एका जहाजाने बार्सिलोनाला निघाल्या होत्या. एकट्याच होत्या, पण एकट्या राहिल्या नाहीत. दुपारी बाराला कप्तान ध्वनिक्षेपकावरून जहाज कुठे आलं, वारा किती, खाली पाणी किती खोल ते सांगे आणि लगेच प्रश्नमंजूषा सुरू होई. सहा-सहा जणांचे संघ, रोज वीस प्रश्न, गुण शेवटपर्यंत साठत जाणार. बाईंच्या संघात एक जर्मन अभियंता, एक कॅनेडियन शेतकरी जोडपं, स्कॉटलंडच्या एक आजी आणि फ्लोरिडाची एक निवृत्त नर्स. बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू, हे बाईंनी क्षणात सांगितलं आणि त्या दिवसापासून सगळे त्यांना ‘टीचर’ म्हणू लागले. बक्षीस होतं जहाजाचं चित्र असलेलं पेन. पण त्या पेनासाठी शेजारच्या संघाने टेबलाखाली मोबाइल बघितला म्हणून केवढी हमरीतुमरी झाली! मला त्यात वावगं वाटत नाही. नोकरी संपल्यावर आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी आहोत, हे कळण्याची संधी फार कमी मिळते.

सहाही जण रात्री एकाच टेबलावर जेवत. तिथे वाढणारा मुलगा वेंगुर्ल्याचा निघाला. बाईंची भाषा कळल्यापासून तो त्यांच्यासाठी कामगारांच्या खानावळीतून बशीत दोन हिरव्या मिरच्या चिरून आणी आणि कुणाला दिसणार नाही अशी ताटाआड सरकवून देई.

पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर घड्याळ पुढे करत जावं लागतं. अझोर्सपर्यंत चार तास, बार्सिलोनापर्यंत सहा. पहिले दोन तास रात्री दोनला पुढे ढकलले गेले. दुसऱ्या तासानंतरच्या सकाळी नाश्त्याला तोच मुलगा कॉफी ओतत होता. कप भरला, बशी भरली, तरी त्याचा हात थांबेना.

“सॉरी काकू.”

“झोप नाही का रे झाली?”

“घड्याळ पुढं गेलं ना. दुसरी पंगत साडेदहाला उठते. टेबलं आवरून, उद्याची मांडून खाली जाईस्तोवर पावणेबारा. अंग टाकायला बारा. साडेपाचला उठलं तर सहाला वर हजर होतो. त्यातला एक तास गेला की राहतात साडेचार.” मग आवाज उतरवून म्हणाला, “मी बोललो म्हणून सांगू नका हां, काकू.”

जहाजावरच्या कामगारांच्या विश्रांतीचे नियम नाहीत असं नाही. 2006 च्या सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आणि त्यातले निदान सहा सलग मिळायला हवेत. पण त्याच सहांत अंघोळ, इस्त्री आणि घरचा फोनही बसवायचा असतो. प्रवाशाचा गेलेला तास दुपारी डेकवर भरून निघतो. त्या मुलाला महिनोन्‌महिने पुरती सुट्टीच नव्हती. तो कुठे भरून काढणार?

त्याच दुपारी कप्तानाने जाहीर केलं की, उद्यापासून घड्याळ दुपारी पुढे जाईल, बाराचा लगेच एक वाजेल. जहाजावर एकच गहजब उडाला. बारा ते एक म्हणजे प्रश्नमंजूषेचीच वेळ! चौकशीच्या खिडकीपुढे रांग लागली. अभियंत्याने सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला : दिवसाच्या कार्यक्रमांचे पैसे आम्ही मोजले आहेत, झोपेतला तास घ्या, जागेपणीचा नको. संध्याकाळपर्यंत कागद सह्यांनी भरला. जेवताना तो बाईंपुढे आला. टेबलावरच्या बाकी चौघांच्या सह्या आधीच झाल्या होत्या.

बाईंनी पेन घेतलं आणि बाजूला ठेवलं. “आधी एक प्रश्न. सगळ्यांनी आपापलं उत्तर लिहायचं, बघाबघी नाही. या जहाजावरचा वाढपी, घड्याळ पुढे गेलेल्या रात्री किती तास झोपतो?”

सगळ्यांनी नॅपकिनवर लिहिलं. आजींनी सहा, शेतकरी जोडप्याने दोघांत मिळून सात, अभियंत्याने आठ. नर्सने काही लिहिलं नाही.

“साडेचार,” बाई म्हणाल्या.

“कशावरून?” अभियंत्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वेंगुर्ल्याच्या मुलालाच हाक मारली. बाईंच्या पोटात गोळा आला. “काय रे, काल रात्री झोप पुरेशी झाली ना?”

मुलाने पाठ ताठ केली, हसला. “भरपूर झाली, सर. थँक्यू, सर.”

अभियंत्याने बाईंकडे बघून हात पसरले. झालं, प्रश्न मिटला!

“मीसुद्धा हेच सांगायचे,” नर्स म्हणाली. “सगळं आयुष्य रात्रपाळीत गेलं. राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं की अगदी असंच हसून. प्रवास संपल्यावर याच्या कामाला गुण कोण देणार आहे? आपणच ना?” तिने कागद ओढून आपलं नाव खोडलं. मागोमाग आजींनीही खोडलं. शेतकरी जोडप्याने सह्या तशाच ठेवल्या. रात्रीचा तास आम्हाला जाणवतच नाही, दुपारचा मात्र डोळ्यांदेखत जातो, असं ते सरळ बोलले. अर्ज गेला. कप्तानाने निर्णय बदलला नाही. प्रश्नमंजूषा चारला हलवली. अभियंता दुसऱ्या संघात गेला आणि त्या संघाने पेनं जिंकली.

शेवटच्या रात्री तो नवं पेन खिशाला लावून जेवायला आला. मिष्टान्न येईपर्यंत गप्प होता. मग त्याने नॅपकिन उलटा केला आणि त्यावर वेळा मांडल्या : साडेदहा, पावणेबारा, बारा, साडेपाच. खाली वजाबाकी केली, मग पुन्हा एकदा केली.

“साडेचारच येतात,” तो म्हणाला. “हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?”

“विचारलं होतं की,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आठ लिहिलंत.”