पाऊण फेरा

इंजिन सुरू करा, चार-पाच मिनिटं चालू द्या. मग बंद करा आणि थोडा वेळ काहीच करू नका.

दिवाळी सरली, धानाची कापणी आटोपत आली, की गोंदियाकडे सकाळी चांगलाच गारठा पडतो. रात्रभर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीतलं तेल अशा वेळी जड झालेलं असतं. कोमट झालं की ते वाहतं होतं आणि इंजिनात साचलेली घाण आपल्याबरोबर घेऊन खाली उतरतं. कोमटच हवं, गरम नको. बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरचा पाइप, आज जो काढायचा आहे त्या ऑइल फिल्टरच्या अगदी शेजारून जातो, आणि गाडीखाली झोपलेल्या माणसाला हात पटकन मागे घ्यायला जागा नसते.

गाडी सपाट जागी आहे ना? हँडब्रेक ओढलाय, मागच्या चाकांना दगड लावलाय? पुढून उचलली असेल तर ती लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकलेली हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही, कितीही थोड्या वेळासाठी, जाऊ नये. गाडीला एकदा हाताने रेटा देऊन बघा. हलत नाही याची खात्री झाली की मग पाठ टेका.

चेंबरचा नट सैल करून तेल खालच्या तसराळ्यात काढून घ्या. पहिली जाड धार, मग बारीक, मग थेंब. थेंब पडत असतील तेव्हा फिल्टरकडे बघा. नुसतं बघा, हात लावू नका.

पत्र्याचा एक डबा, मुठीत मावेल एवढा. बाहेरून त्याच्याकडे बघून आत काय आहे ते कळत नाही, म्हणून जरा मनाने आत चला. डब्याच्या तोंडाशी बारीक भोकांचं एक कडं असतं; तेल दाबाने तिथून आत शिरतं. आत घड्या घातलेला कागद असतो. तेल कागदाच्या बाहेरून आत झिरपतं, मधल्या भोकाळ नळीत येतं, आणि डबा ज्या आट्यांवर बसवलेला असतो त्याच मधल्या वाटेने इंजिनात परत जातं. काजळी, जळलेल्या तेलाचा कार्बन, झिजलेल्या धातूचे केसाहून बारीक कण कागदाशी अडतात. गावोगावच्या मुरमाच्या रस्त्यांची आणि मळणीच्या दिवसांतली धूळ एअर फिल्टरच्या फटीतून निसटली, तर तीही इथवर येते.

बहुतेक फिल्टरांत आणखी एक स्प्रिंगची झडप असते. कागद पूर्ण भरला, किंवा थंडीने तेल फारच जड झालं, की ही झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे सोडते. ज्याने ही रचना केली त्याचा विचार मला फार मोलाचा वाटतो. त्याने मानलं की इंजिनाला मळकं तेल मिळालेलं चालेल, पण तेलच मिळालं नाही असं एक क्षणही होता कामा नये. मुळात फिल्टर आला तो असा: अर्नेस्ट स्वीटलँड या अमेरिकी माणसाने 1923 मध्ये मोटारीच्या तेलासाठी प्युरोलेटर नावाचा फिल्टर काढला. त्याआधीच्या गाड्यांत तेल जाळीतून जेमतेम गाळलं जायचं आणि सारखं बदलावं लागायचं. सबंध डबाच फिरवून काढायचा आणि नवा बसवायचा, ही सोय त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. आज तुमचा हात जिथे अडणार आहे ती जागा त्या सोयीतूनच आलेली आहे.

आता हात लावा. आधी चिंधीने डबा आणि तळवा, दोन्ही कोरडे पुसा. दिशा मनात पक्की करा: डब्याचं बंद टोक तुमच्याकडे असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. खाली उताणं झोपल्यावर आणि हात वळवून आत घातल्यावर डावं-उजवं गोंधळतं. अडकलेले किती तरी फिल्टर आधी उलट्या दिशेने आणखी आवळले गेलेले असतात. म्हणून घाई करू नका. बंद टोकासमोर मन नेऊन ठेवा आणि तिथून बघा.

फिरवा. हलत नाही.

थांबा. दुसऱ्यांदा जोर लावण्याआधी, हा इतका घट्ट का बसला असेल याचा विचार करा. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये रबराची एक रिंग असते. बसवताना तिला तेलाचं बोट लावलेलं नसेल तर कोरडं रबर धातूला चिकटतं, फिरताना मुरगळतं. त्यानंतर महिनोन्महिने इंजिन तापतं, निवतं, पुन्हा तापतं. रबर कडक होतं, धातूशी एकजीव झाल्यासारखं बसतं. आणि आणखी एक कारण आहे, ते माणसाचं. ज्याने हा फिल्टर बसवला त्याने हाताने आवळून झाल्यावर वर पाना लावून अर्धा फेरा जास्तीचा दिला. कशासाठी? तेल गळू नये म्हणून. गाडी देवरीच्या पुढे घाटात बंद पडू नये, गिऱ्हाइकाने परत येऊन बोल लावू नये म्हणून. त्यात हलगर्जी नव्हती, उलट काळजीच होती, फक्त तिला कुठे थांबायचं ते उमगलं नाही. त्या हाताबद्दल मनात राग असेल तर तो आताच उतरवून ठेवा, कारण राग आला की आपणही नेमकं तेच करतो: जोर वाढवतो.

अडकलेल्या फिल्टरला जोर कमी पडत नाही, पकड कमी पडते. रोवणीच्या दिवसांत बांधीत रुतलेली बंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. जाणता गाडीवान बैलांना मारत बसत नाही. तो खाली उतरतो, चाकाखाली झाडाच्या फांद्या सारतो, आणि तेच बैल तीच बंडी बाहेर काढतात.

म्हणून पकडीकडे या. पॉलिश पेपरची एक पट्टी घ्या, खरखरीत बाजू डब्याकडे ठेवून गुंडाळा आणि वरून मूठ आवळा. नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या. रबर पत्र्याला छान धरतं. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं, आणि झालं तर त्यासारखं सुख नाही.

नाही झालं तर पट्ट्याचा किंवा चेनचा पाना. तो कुठे लावता हे महत्त्वाचं. डब्याच्या बंद टोकाला पत्रा पातळ आणि पोकळ असतो, तिथे पाना आवळला की तो चेपतो, आणि चेपलेला डबा पुढे धरताही येत नाही. इंजिनाच्या जवळ, जिथे पत्रा जाड तळाला दुमडून बसवलेला असतो, तिथे डबा सर्वांत मजबूत असतो. पाना तिथे सरकवा. ढिलाई काढून घ्या. मग झटका न देता वजन हळूहळू वाढवत न्या. खांद्यातून जोर येऊ द्या, मनगटातून नको. श्वास कोंडून धरला असेल तर सोडा. वजन तसंच ठेवा. कडक झालेलं रबर एकदम सुटत नाही, त्याला काही क्षण लागतात. ते क्षण त्याला द्या.

डब्यातून आरपार स्क्रू ड्रायव्हर ठोकायचा आणि त्याचाच दांडा करून फिरवायचं, ही युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच. कधी कधी ती लागूही पडते. मला ती आवडत नाही. पत्रा पातळ असतो, फिल्टर खरंच चिकटलेला असेल तर तो सुटण्याऐवजी पत्राच फाटत जातो, आणि मग पट्टा लावायलाही काही उरत नाही. तशी वेळ आलीच, नुसता जाड तळ इंजिनाला चिकटून राहिला, तरी सगळं संपलेलं नसतं. त्या तळाच्या कडेला छन्नीचं टोक तिरपं टेकवा आणि छोट्या हातोडीने सुटण्याच्या दिशेने टकटक करत त्याला फिरवा. एका जागी चार टोले, मग जरा पुढे चार टोले. फक्त छन्नी इंजिनाच्या बाजूला घसरू देऊ नका. रिंग जिथे बसते तो भाग गुळगुळीत असतो, बहुधा ॲल्युमिनियमचा. तिथे ओरखडा पडला तर नवा फिल्टर कितीही नीट बसवा, तेल पाझरत राहील.

सुटण्याचा क्षण आधी हाताला कळतो. ताठ असलेला पाना किंचित नमतो, एक बारीक करकर येते. इथे पाना बाजूला ठेवा. उरलेले आटे बोटांनीच फिरवा. तेल मनगटावरून कोपरापर्यंत येईल, येऊ द्या. डबा तोंड वर करून अलगद खाली घ्या.

आणि लगेच त्याचं तोंड बघा. रबराची रिंग आहे का तिथे? नसेल तर ती इंजिनालाच चिकटून राहिली आहे. बोट फिरवून शोधा, नखाने सोडवा. या एका गोष्टीला मी या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ देईन. जुन्या रिंगवर नवी रिंग बसली तर दोघी एकमेकींवरून घसरतात, आणि चालत्या गाडीतलं तेल दाबाने बाहेर फेकलं जातं. ती जागा कोरड्या चिंधीने पुसा, उजेड धरून पुन्हा एकदा बघा.

नवा फिल्टर हातात घ्या. चांगल्या तेलात बोट बुडवून रिंगवरून एक पूर्ण वर्तुळ फिरवा. एवढंच तेल मागच्या वेळी राहून गेलं असावं. आटे बोटांनी लावा. अडले तर मागे घेऊन पुन्हा सरळ लावा. रिंग टेकली की हाताला कळतं. तिथे थांबा, डब्यावर खडूने खूण करा आणि तिथून पाऊण फेरा द्या. हातानेच. काही फिल्टरांच्या खोक्यावर वेगळं माप छापलेलं असतं, तर ते पाळा.

पाऊण फेरा झाला की हाताला आणखी थोडं आवळावंसं वाटेल. ते वाटणं नीट न्याहाळा. अर्धा फेरा जास्तीचा देणाऱ्या त्या आधीच्या माणसालाही हेच वाटलं होतं. आत रबर दबलेलं आहे, तेलाच्या दाबाला ते पुरून उरेल. ते दिसत नाही म्हणून मन मानत नाही, इतकंच. हात डब्यावर राहू द्या, पण फिरवू नका. मग काढून घ्या.

पुढचं काम सरळ आहे. चेंबरच्या नटाला नवा वायसर, गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तेवढं तेल, इंजिन सुरू, तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. खाली वाकून फिल्टरच्या कडेभोवती बघा. कोरडं असेल तर बंद करा, तेल खाली बसू द्या, पट्टी ओढून पातळी बघा, कमी असेल तर भरा. तारीख आणि किलोमीटर कुठेतरी लिहून ठेवा.

राहिलं ते जळकं ऑइल. आपल्याकडे ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, उरलेलं धुऱ्यावर ओततात. हे थांबायला हवं, असं मला कळकळीने वाटतं. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, आणि आपल्या गोंदिया जिल्ह्यात तर उतारावरचं पाणी कुठल्या ना कुठल्या बोडीत किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात जाऊन मिळतंच. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या या तलावांवर धान पिकतो, ढिवरांची मासेमारी चालते, आणि महाराष्ट्रात जे थोडे सारस उरलेत ते मुख्यतः याच धानाच्या बांध्यांत घरटी करतात. तेलाचा तवंग पाण्यावर पसरायला फार तेल लागत नाही.

तेव्हा जुना फिल्टर तसराळ्यावर रात्रभर उपडा ठेवा, आतलं सगळं निथळू द्या. सकाळी तसराळ्यातलं तेल कोरड्या कॅनमध्ये भरा. त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू देऊ नका, नाहीतर ते शुद्ध करून पुन्हा वापरणं अवघड होतं. झाकण लावून कॅन डिकीत ठेवा आणि गोंदियाला किंवा आमगावला जाल तेव्हा, जुनं तेल गोळा करून अधिकृत कारखान्याला देणाऱ्या गॅरेजात नेऊन द्या.