निरुपयोगी कशाला म्हणावे?

सरकारी कचेरीत वस्तूचे मरण आधी कागदावर घडते. यादीत तिच्यापुढे ‘निरुपयोगी’ हा शेरा पडला, की पुढचे काम भंगारवाल्याचे. अशीच एक वेताच्या खुर्च्यांची यादी मी मागे पुढे पाठविली, आणि त्यानंतरच्या रविवारी दिल्लीतील पालमच्या हवाई दल संग्रहालयात लिबरेटर विमानापुढे उभा राहिलो. तेथे त्या शेऱ्याची मला प्रथमच शंका आली.

चार इंजिनांची ही बॉम्बफेकी विमाने अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात १८,००० हून अधिक बांधली. १९४४ मध्ये विलो रनच्या एकट्या कारखान्यातून तासाला एक विमान बाहेर पडत असे. युद्ध संपले, गरज संपली. बहुतेक विमाने मोडीत निघाली. कानपूर येथे ब्रिटिशांकडे असलेली विमाने तर पुन्हा उडू नयेत म्हणून हेतुपुरस्सर मोडून टाकण्यात आली होती. स्वतंत्र भारताच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने त्या ढिगातूनच सुमारे चाळीस विमाने उभी केली. जुजबी दुरुस्तीनंतर जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगलोरला उडवत नेली. १९४८ पासून १९६८ पर्यंत ती आपल्या हवाई दलात राबली. पुढे त्यांतली काही ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतील संग्रहालयांनी अगत्याने नेली. ज्यांनी टाकले, त्यांनाच ते परत हवे झाले!

कोणी म्हणेल, हे जतन नव्हे, निव्वळ नड होती. खरे आहे. शिवाय ज्या यंत्राने माणसांवर आग ओतली, त्याचा गौरव मला करावयाचा नाही. माझा प्रश्न शेऱ्यापुरताच आहे. ‘मला नको’ हे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. परंतु ‘मला नको’ यातून ‘कोणालाच नको’ असा निष्कर्ष आपण किती सहज काढतो! आणि दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून वस्तू मोडणे ही तर त्याच्याही पुढची पायरी. निरुपयोगीपणा हा वस्तूचा गुण नाही. ती वस्तू आणि एखादा माणूस यांच्यातील तुटलेला संबंध आहे. दुसरा कोणी तो जोडू शकतो.

सर्वच गोष्टी ठेवता येत नाहीत, हे कचेरीत जागेसाठी भांडणाऱ्यास सांगावयास नको. पण शेरा मारण्यापूर्वी वस्तू एकदा पाहावी, एवढे तरी तिचे आपल्यावर ऋण आहे.

सोमवारी मी ती यादी परत मागितली. ती पुढे गेली होती. खुर्च्या पुन्हा विणून घेण्याजोग्या होत्या, असे शिपायाने सांगितले. मी त्या पाहिल्याही नव्हत्या.