चितळांची मोजदाद

टेक्सासमधल्या हिल कंट्रीत, केरव्हिलच्या बाजूला, माझ्या ऑफिसातल्या एका मित्राच्या आईंची डोंगराळ जमीन आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे शेळ्या-मेंढ्या चरल्या आणि चुनखडीवरची मातीची पातळ साय वाहून गेली. बाईंना तिथे मूळचं गवत आणि मूळचे प्राणी परत आणायचे आहेत. त्यांनी ओढ्याकाठी कॅमेरे लावलेत. त्यातले हजारो फोटो प्राण्यांनुसार वेगळे करणारा प्रोग्राम मी लिहून दिला. तिथे वन्यजीवांसाठी राखलेल्या जमिनीला शेतजमिनीचा कमी कर चालू ठेवायचा, तर सात ठरलेल्या कामांपैकी किमान तीन करावी लागतात. मोजणी हे त्यातलं एक. मला हे काम निरुपद्रवी वाटलं होतं.

पण या आकड्यावरून त्या वर्षी किती चितळ मारायचे तेही ठरतं.

होय, चितळच. 1930च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी हा प्राणी टेक्सासात आणला गेला. तिथे त्याला ॲक्सिस डिअर म्हणतात आणि तो वर्षभर मारता येतो. मी लहानपणी नागझिऱ्यात चितळांचा कळप बघायला पहाटे उठलेला माणूस. त्यामुळे पहिल्यांदा यादी पाहिली तेव्हा पोटात गोळा आला.

बाईंची बाजू मात्र भक्कम आहे. तिथलं मूळचं पांढऱ्या शेपटीचं हरीण झुडपांचा कोवळा पाला आणि रानफुलं खातं. जून गवतावर ते जगू शकत नाही. चितळ दोन्ही खातो. पाला संपला की तो गवताकडे वळतो आणि दुसरं उपाशी मरतं. केरच्या सरकारी वन्यजीव क्षेत्रात 1971 साली 96 एकरांच्या कुंपणात सहा पांढऱ्या शेपटीची आणि सहा सिका, म्हणजे तीही आशियातून आणलेली, हरणं सोडली होती. दशक संपेपर्यंत पांढऱ्या शेपटीचं एकही उरलं नाही. नागझिऱ्यात चितळांना वाघ आहे, ढोल आहे. इथे ते काम बंदूक करते.

मित्र चेष्टेत म्हणतो, तुला चितळाचा कळवळा, कारण दोघेही भारतातून आलात. ही उपमा मला पटत नाही. चितळाने व्हिसा मागितला नव्हता. आणि अंदमानातही तो परकाच आहे, ब्रिटिशांनी नेऊन सोडलेला.

मला अडतो तो ‘मूळचं’ हा शब्द. तो ऐकताना वाटतं, जमिनीनेच निकाल देऊन ठेवलाय, आपण फक्त अंमलबजावणी करायची. पण याच टापूत डेव्हिड बॅम्बर्गर यांनी 1969मध्ये उजाड रान घेतलं आणि 5,500 एकरांवर पुन्हा गवत आणलं, तेव्हा त्यांनी तोडलं ते ॲश जुनिपर, तिथल्या बोलीत ‘सीडर’, मूळचंच झाड होतं. वणवे थांबले, चराई वाढली, म्हणून ते बेसुमार फोफावलं. बरं, सगळं तोडावं तर सोनेरी गालांचा वार्बलर हा चिमणा पक्षी जातो. त्याची वीण फक्त मध्य टेक्सासात होते आणि घरट्याला त्याला जुन्या जुनिपरच्याच सालीच्या चिंध्या लागतात. वर त्याच बॅम्बर्गर यांनी रानातून नामशेष होत चाललेले सहाराकडचे ओरिक्स कुंपणात पाळले. परक्या प्राण्याला तिथे आसरा मिळाला. मला ते योग्यच वाटतं. पण ते कुणीतरी ठरवलं होतं. शब्दाने ठरवलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात माझा प्रोग्राम चुकला. पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या पाडसांनाही अंगावर ठिपके असतात. काही महिन्यांत ते जातात. चितळाचे जन्मभर राहतात. मी प्रोग्रामला शिकवलेल्या फोटोंत पाडसं जवळजवळ नव्हतीच. चितळांचा आकडा फुगला आणि त्या आकड्यावरून शरद ऋतूत मारायची संख्या ठरली. नोव्हेंबरमध्ये चूक सापडली तोवर सगळं उरकलं होतं.

मी बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, “अरे, ते पुढच्या वर्षी मारावेच लागले असते.”

हिशेब म्हणून ते बरोबर आहे. चितळ बारमाही वितात. वर्षभरात ती उणीव भरूनही निघेल. पण ऑफिसात माझ्या चुकीने एखाद्या गिऱ्हाइकाचं बिल चुकलं तर आम्ही बैठक घेतो, कारणं लिहून काढतो, माफी मागतो. इथे माफी कुणाची मागायची हेच ठरेना. यादीत आधीच ‘नको’ म्हटलेल्याच्या बाबतीत चूक झाली तर ती चूक म्हणून मोजलीच जात नाही, हे मला त्या फोनवर कळलं. चितळ मारू नयेत असं मला आजही वाटत नाही. मारायला हवेत म्हणूनच एकेक नीट मोजावा, असं वाटतं.

आता प्रोग्राम शंकास्पद फोटो बाजूला काढतो आणि ते मी स्वतः बघतो. एका शनिवारी चारशे निघाले. पुढच्या खेपेला शिकारीच्या दिवशी येऊ का, असं मी बाईंना विचारलंय. त्यांनी उलट विचारलं, बुटांचं माप काय.