पगार इथे, संसार तिथे

2005 च्या एप्रिलपर्यंत आजच्या नूह जिल्ह्याचा बराचसा भाग गुडगाव जिल्ह्यातच होता. मग हरियाणा सरकारने मेवातचा वेगळा जिल्हा केला आणि मागे उरलेला गुडगाव जिल्हा कागदावर एका रात्रीत जास्त श्रीमंत झाला. कुणाच्या पगारात एक रुपयाचीही भर पडली नव्हती. गरीब गावं हिशेबातून बाहेर गेली होती, इतकंच. 2018 च्या मार्चमध्ये नीती आयोगाने आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांची पहिली क्रमवारी लावली, तेव्हा 101 जिल्ह्यांत शेवटचा नंबर मेवातचा, म्हणजे आताच्या नूहचा, लागला. गुडगाव, म्हणजे आताचं गुरुग्राम, देशातल्या सर्वाधिक दरडोई उत्पन्नाच्या जिल्ह्यांत मोजलं जातं. दोन्ही मुख्यालयांमध्ये अंतर आहे जेमतेम पन्नास किलोमीटरचं.

जिल्ह्याची सरासरी रेघ कुठे ओढली यावर अवलंबून असते, हे एवढ्यावरून कळतं. पण मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त छळतो. गुरुग्रामचं म्हणून जे उत्पन्न मोजलं जातं, ते गुरुग्राममधल्या घरांचं असतं का?

जिल्हा उत्पन्न काढण्याची आपली रीत अशी: उद्योग, व्यापार, बँका यांसारख्या बऱ्याच क्षेत्रांचं उत्पन्न आधी राज्याच्या पातळीवर ठरतं. नंतर कामगारांची संख्या वगैरे निकष लावून ते जिल्ह्याजिल्ह्यांत वाटलं जातं. उत्पन्न जिथे निर्माण झालं त्या जिल्ह्याच्या नावावर पडतं, शेवटी ज्या घरात पोचलं तिथल्या नाही. 14 डिसेंबर 1983 ला मारुतीची पहिली गाडी गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडली, 2007 मध्ये मानेसरचा कारखाना सुरू झाला. त्या गाड्यांतून निर्माण होणारं मूल्य गुरुग्रामच्या खात्यात जमा. पण कंपनीचं निम्म्याहून जास्त भांडवल जपानच्या सुझुकीचं, बाकीचे भागधारक देशभर विखुरलेले, आणि एकाच लाइनीवर कायम कामगाराशेजारी त्याच्या काही पट कमी पगारावर ठेकेदाराचा कामगार उभा. या सगळ्यांना एका बेरजेत घालायचं आणि जिल्ह्यात राहणाऱ्या माणसांनी भागायचं, की दरडोई उत्पन्न तयार! त्यातही गंमत अशी की बेरजेत ज्यांचे हात आहेत, त्यांतले कित्येक भागाकारात नाहीत, कारण ते राहायला दुसरीकडे असतात.

ते कुठे असतात, हे कापसहेड्याला दिसतं. कापसहेडा दिल्लीच्या नैर्ऋत्य टोकाचं गाव. रस्ता ओलांडला की हरियाणा, आणि समोरच उद्योग विहारातले कपडे निर्यातीचे कारखाने. सकाळी शिफ्टच्या वेळेला सीमेवरून माणसांचा लोंढा चालत पलीकडे जातो: शिलाई मशीनवर बसणारे टेलर, प्रेसमन, चेकर, धागा-कटिंग करणाऱ्या बायका. राहायला लाइनीने बांधलेल्या खोल्या, मजल्यामजल्यावर सामाईक संडास, पाण्याची ठरलेली वेळ. विजेचं बिल घरमालक म्हणेल त्या दराने, आणि कित्येक ठिकाणी किराणाही त्याच्याच दुकानातून घ्यायचा, नाहीतर खोली सोडायची.

2025 च्या एप्रिलमध्ये अकुशल कामगाराचं किमान वेतन दिल्लीत महिन्याला 18,456 रुपये होतं. त्याच सुमाराला हरियाणात ते अकरा हजारांच्या आसपास होतं. म्हणजे कापसहेड्याच्या माणसाचं भाडं दिल्लीचं आणि पगार हरियाणाचा. एक रस्ता ओलांडताना त्याच्या दिवसाची किंमत तेव्हा तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरत होती.

आता समजा, बिहारमधल्या मधुबनीकडचे दोघे भाऊ अशा एका खोलीत राहतात. बायका-मुलं आणि आई गावी. आपल्या सरकारी पाहण्यांत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी, एका चुलीवर जेवणारी माणसं. त्या व्याख्येने दिल्लीत दोन पुरुषांचं एक कुटुंब भरतं, ज्याचा खर्च फारच कमी दिसतो. मधुबनीत बायका, मुलं आणि म्हातारीचं दुसरं कुटुंब भरतं, ज्यात मिळवतं माणूसच नाही, फक्त बाहेरून येणारा पैसा आहे. गुरुग्रामच्या पानावर यांचे श्रम आहेत, माणसं नाहीत. संसार एक, तो तीन जिल्ह्यांच्या तक्त्यांत विभागलेला, आणि एकाही तक्त्यात पुरा नाही.

मराठी माणसाला हे फोड करून सांगायची गरज पडू नये. गिरणगावातला चाकरमानी गाळ्यात पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि मनीऑर्डर कोकणात नाहीतर घाटावर धाडायचा. कापड मुंबईच्या नावावर निघालं, घर रत्नागिरीत चाललं. 1982 चा गिरणी संप इतका काळ ताणता आला, त्यामागे अनेकांना गावी परतता येत होतं हेही एक कारण होतं. या व्यवस्थेची खूण जनगणनेत अजून पुसलेली नाही. 2011 मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, गुडगावात 854. गुडगावच्या आकड्यात हरियाणातल्या मुलींच्या नकोशेपणाचा वाटा मोठा आहे, हे खरं. तरी एकट्याने आलेल्या पुरुषांचाही वाटा आहेच.

कापसहेड्याच्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक घर आहे. दिल्लीच्या वेशीवर शहर वाढलं ते शेतजमिनीवर. बिल्डरांनी आणि सरकारी यंत्रणांनी शेतं घेतली, गावठाणं मधोमध राहून गेली. चक्करपूर, नाथूपूर, डुंडाहेडा अशा गावांत पूर्वीच्या शेतकऱ्याने शिल्लक जागेवर खोल्यांची चाळ उठवली आणि भाडं हेच पीक झालं. त्याच्या मुलाला विचारलं, नोकरी काय करतोस, तर उत्तर नाही. रोजगाराच्या पाहणीत तो बेरोजगार, नाहीतर काम न शोधणारा. महिन्याची आवक मात्र एखाद्या बँक अधिकाऱ्याला लाजवेल अशी. इकडे वर्षातले सगळे दिवस राबणारा शिलाई कामगार 'रोजगारप्राप्त' म्हणून अभिमानाने मोजला जातो. रोजगार वाढला की घरं सुखी झाली, हे समीकरण या दोन घरांसमोर टिकत नाही.

राजकारणाला मात्र हे समीकरण सोयीचं असतं. हरियाणाने खासगी क्षेत्रातल्या महिना तीस हजारांपर्यंतच्या नोकऱ्यांत 75 टक्के जागा स्थानिकांना राखून ठेवणारा कायदा केला. तो 15 जानेवारी 2022 ला लागू झाला आणि 17 नोव्हेंबर 2023 ला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून रद्द केला. आपल्याकडेही भूमिपुत्रांच्या 80 टक्क्यांची घोषणा दर निवडणुकीत नव्याने होते. त्यामागची तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जमीन गेली, उरलेली जागा रस्त्याला लागून नव्हती म्हणून भाडंही मिळालं नाही, आणि कारखान्याच्या दारात 'लोकल पोरं युनियन करतात' म्हणून ठेकेदार परत पाठवतो, अशा तरुणाचा राग समजण्यासारखा आहे. नूहच्या गावांतली पोरं पिढ्यान् पिढ्या ट्रकवर जातात, ती काही हौस म्हणून नव्हे.

पण ठेकेदाराला परगावचा माणूस का हवा असतो? तो एकटा असतो, खोली केव्हाही सुटू शकते, भांडायला मागे गाव नसतं. त्याचं घर इथे नसणं हीच त्याची स्वस्ताई. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा हीच माणसं पायी निघाली, कारण इथे त्यांच्याकडे खोली होती, आधार नव्हता. 2025 च्या जुलैत गुरुग्राममध्ये पोलिसांनी बांगलादेशी शोधण्याच्या नावाखाली बंगाली बोलणाऱ्या मजुरांची धरपकड केली. वस्त्या रिकाम्या झाल्या आणि सोसायट्यांमधून धुणीभांड्याला बाई मिळेना म्हणून ओरड सुरू झाली. आरक्षणाचा कायदा जन्माचा दाखला विचारतो. स्थानिक तरुणाला नोकरी नाकारणारी आणि परक्याला स्वस्तात राबवणारी गोष्ट एकच आहे, ती मात्र त्या दाखल्यावर दिसत नाही.

म्हणून विचारायचं तर घराला विचारायला हवं. पुण्यात धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे 1930 च्या दशकात तेच केलं: शहराची आर्थिक पाहणी करताना घरोघर माणसं पाठवली. देशपातळीवर मात्र आपण खर्चावरच थांबलो. राष्ट्रीय नमुना पाहणीने 1950 आणि 60 च्या दशकांत उत्पन्न विचारून पाहिलं, पण लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च-बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरलं, आणि तो नाद सोडून देण्यात आला. आता सांख्यिकी मंत्रालयाने 2026 साठी देशव्यापी कुटुंब-उत्पन्न पाहणी आखली आहे, आणि 2025 च्या जानेवारीपासून श्रमबल पाहणीचा नमुनाही जिल्हा हा पाया धरून निवडला जातो. हे चांगलंच आहे. आपलं उत्पन्न परक्याला सांगताना लोक हात आखडता घेणार, तीही अडचण मान्य. तरीही चूल हेच कुटुंबाचं माप राहिलं, तर दोन चुलींवर चालणारा संसार पुन्हा निसटेल. पाठवणारा आणि मिळवणारा एकाच हिशेबात दिसतील, असा प्रश्न त्या तक्त्यात घालावा लागेल.

कापसहेड्याची खोली म्हणजे निव्वळ दुःख, असंही नाही. गावी याहून कमी मिळतं म्हणूनच माणूस येतो, त्याच्या पैशातून मुलीची फी भरली जाते, घरावर स्लॅब पडतो. गुरुग्रामने लाखोंना काम दिलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं एवढंच की जिल्ह्याच्या भरभराटीला आणखी एक कसोटी लावावी. तिथला साधा कामगार तिथल्या पगारात बायको-मुलांना आणून राहू शकतो का, मुलाचं नाव तिथल्या सरकारी शाळेत घालू शकतो का, आजारी पडला तर नोकरी न गमावता आठवडाभर पडून राहू शकतो का? ज्या जिल्ह्यात याचं उत्तर नाही असं येतं, त्याचं दरडोई उत्पन्न कितीही मोठं असो, त्यातला काही भाग मधुबनीच्या आणि नूहच्या घरांनी भरलेला आहे: म्हातारी सांभाळून, मुलं वाढवून, थकून परतलेल्या माणसाला पोसून. त्या खर्चाचं बिल गुरुग्रामला कुणी पाठवत नाही, म्हणूनच गुरुग्राम इतकं श्रीमंत दिसतं.