हाक थांबू नये

प्रियांनो, आजचं वचन: मार्क १३:१-२. शिष्य मंदिराचे भव्य दगड दाखवतात. प्रभू म्हणतो, हे सगळं पाडलं जाईल.

जुन्या गोव्यात ऑगस्टीनियन मठाचं चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं. ४६ मीटर उंच बुरूज, आत वेद्या, भिंतींवर रंगीत फरशा. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं. आज अर्धाच बुरूज उभा आहे. पण त्याची घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये चढवली, ती आजही लोकांना प्रार्थनेला बोलावते.

इथं शिरूर कासारला आपण घरात सतरंजीवर बसून प्रार्थना करतो. "आपलं चर्च कधी बांधायचं?" असं मला विचारता. बांधूया की! पण छत पडलं तरी हाक थांबू नये, एवढं आधी बघूया. आज शेजारच्या आजारी माणसाच्या दारी जाऊन या. आमेन.