दंतवैद्यांचा उजेड

शिकागोत स्टेट स्ट्रीट आणि वॉशिंग्टन स्ट्रीटच्या नाक्यावर १८९५ साली पुरी झालेली रिलायन्स बिल्डिंग आहे. १९९९ पासून तिथे हॉटेल चालतं. हॉटेलात उतरलेला माणूस खोलीत शिरला की आधी पडदे ओढतो. या इमारतीत ही गंमतच म्हणायची, कारण तिच्या खिडक्या दुसऱ्याच्या तोंडात डोकावणाऱ्यांच्या कामाच्या होत्या. वरच्या मजल्यांवर डॉक्टर आणि दंतवैद्यांचे दवाखाने असत, आणि किडलेली दाढ अंधारात दिसत नाही.

मालक विल्यम हेल यांचा धंदा लिफ्टचा. उंच इमारतीत त्यांचा जीव गुंतणं स्वाभाविकच. पण जागेवर जुनी इमारत होती, आणि वरच्या भाडेकरूंचे करार १८९४ पर्यंत संपत नव्हते. मग काय केलं? जुने वरचे मजले जॅकवर तोलून धरले आणि खाली नवा पाया आणि तळमजला बांधून घेतला. भाडेकरू मात्र वर आपापल्या जागी. भाडेकरूंचा हा वट मुंबईकराला नव्याने सांगायला नको!

खालचा भाग वास्तुकार जॉन रूट यांचा. १८९१ च्या जानेवारीत न्यूमोनियाने ते गेले, आणि वरचे मजले चार्ल्स अ‍ॅटवूड यांनी रचले. भार सगळा पोलादी सांगाड्यावर, त्यामुळे भिंतींना पेलायला काही उरलंच नाही. अ‍ॅटवूड यांनी त्यांची जवळजवळ काचच करून टाकली: मधे न उघडणारं रुंद तावदान, दोन्ही बाजूंना वाऱ्यासाठी अरुंद झडपा, आणि काचांच्या मधल्या पट्ट्यांवर पांढरं, चकचकीत टेराकोटा. पावसाने ते आपोआप धुऊन निघेल, ही आशा. पुढे शिकागोच्या काजळीने तिचं काय केलं, ते जुन्या फोटोंत दिसतं.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इमारतीची रया गेली. १९७६ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून तिची नोंद झाली खरी, पण नोंदीने गळती थांबत नाही. नव्वदच्या दशकात शहराने पुढाकार घेतला, टेराकोटा दुरुस्त झालं, माथ्यावरचा कॉर्निस पुन्हा घडवला गेला. दवाखान्यांच्या आटोपशीर खोल्या मुक्कामाच्या खोल्यांना बेताच्याच निघाल्या. मोझॅकची फरशी आणि काचेची दारंही राखली. खोलीतला उजेड बोळापर्यंत पोचवणं हे त्या दारांचं मूळ काम. झोपायच्या खोलीला तसं दार म्हणजे अडचणच. तरी ती ठेवली, हे मला आवडतं.

मुंबईच्या वॉटसन हॉटेलचा प्रवास नेमका उलटा. इंग्लंडात ओतलेला लोखंडी सांगाडा बोटीने आणून १८६०च्या दशकात काळा घोड्याला उभारला. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं ७ जुलै १८९६ ला इथेच दाखवली गेली. पुढे हॉटेल बंद पडून वकिलांची चेंबर्स आणि दुकानं आली, नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं. सांगाड्याने हा बदलही मुकाट्याने सोसला. सोसवली नाहीत ती डागडुजीविना गेलेली वर्षं.

वारसा इमारतींची हॉटेलं झाली की आपण नाकं मुरडतो, आणि त्यात तथ्य आहे: रिलायन्समध्ये पूर्वी दाढ दुखणारा कोणीही लिफ्टने वर जाई, आता वरच्या खोलीसाठी भाडं मोजावं लागतं. तरीही मी हॉटेलच्या बाजूने बोलेन. एवढी काच आणि टेराकोटा सांभाळायचा खर्च दवाखान्यांच्या भाड्यातून निघाला नसता.